बोलता येईल इतका वेग

लांब पल्ल्याची सायकल चालवू पाहणाऱ्याला पहिला नियम असा सांगतात, की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्याच वेगाने जावे. धाप लागली तर तुम्ही दामटत आहात. सोबती कोणता असावा, हे मात्र कोणीच सांगत नाही.

३० किलोमीटरांपासून सुरुवात करून दर रविवारी ५ वाढवत मी परवा ५० च्या फेरीला निघालो होतो. अडतिसाव्या किलोमीटरला, ऐन चढावर, एक स्कूटरवाले गृहस्थ शेजारी आले आणि माझ्याच वेगाने चालू लागले.

"गाडी विकली का?"

"नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही."

"म्हणजे हौस," असे ते रोगाचे निदान करावे तसे म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या सीटवर गेली. "इतकी अरुंद? दगडासारखी?" रुंद, मऊ सीट लांबच्या पल्ल्यात मांड्यांना घासते आणि भार बसण्याच्या हाडांवरच पडलेला बरा, हे मला समजावून द्यायचे होते, पण तोंडातून "हाडं... हाडं..." एवढेच बाहेर पडले.

"मोडली?" त्यांनी कळवळून विचारले.

पुढे कधीतरी २०० किलोमीटरांची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे आणि तिला साडेतेरा तास मिळतात, हेही मी तुकड्यातुकड्यांत सांगून बसलो. थांबे धरूनही ताशी १५ च्या आतला वेग पुरतो, म्हणूनच माझ्यासारख्याला आशा आहे. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "स्कूटरवर दुपारच्या जेवणाला परत याल."

व्यायामशाळेत जागच्या जागी तासभर धावणाऱ्याला "कुठवर पोचलात?" असे कोणी विचारत नाही, रस्त्यावरच्या माणसाची चौकशी मात्र सार्वजनिक मालमत्ता असते. चिडून मी, चढावर हलका गिअर ठेवून पाय भराभर फिरवावेत हे पाठ असूनही, जड गिअर टाकला. गृहस्थांनी मूठ किंचित पिळली आणि ते पुन्हा शेजारी हजर झाले. ज्या फेरीची आठवडाभर वाट पाहिली तिची उरलेली मजा तिथेच संपली आणि गुडघे आजही जिन्यावर त्या स्कूटरची आठवण काढतात.

माथ्यावर पोचताच त्यांनी आपुलकीने विचारले, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

आता उतार लागला होता, श्वास जागेवर आला होता, आणि त्या दिवसातले माझे पहिले पूर्ण वाक्य मी धडधडीत खोटे बोललो: "मी सकाळी बरोबर नऊ वाजता घरून निघतो."