बोटीवर केळं

आज सकाळी चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत कॅप्टनचा मेसेज आला. शब्द एकही नाही. एक केळ्याचं चित्र, एक दात काढून हसणारा पिवळा चेहरा आणि खाली एक फोटो. फोटोकडे नंतर येतो. आधी केळं. इकडच्या मासेमारांत बोटीवर केळं म्हणजे मोठा अपशकुन.

परवा रविवारी मालवणहून आलेल्या मामांना घेऊन टेक्सासातल्या गॅल्व्हेस्टनच्या वेस्ट बे या खाडीत रेडफिश नावाचा मासा गरवायला गेलो होतो. कॅप्टनसकट भाड्याची अर्ध्या दिवसाची बोट, म्हणजे चार तास, सहाशे डॉलर. जिवंत कोलंबीचे पैसे वेगळे, बक्षिसी वेगळी. आदल्या दिवशी घरी सत्यनारायण झालेला. (टेक्सासात पौर्णिमा कुठल्याही वारी येवो, सत्यनारायण शनिवारीच होतो, देवाचीही आता त्याला हरकत दिसत नाही.) त्यामुळे पहाटे निघताना बायकोने प्रसादाच्या शिऱ्याचा डबा हातात ठेवला. स्टीलचा, कडीचा, झाकणावर 'चि. बंडूच्या मुंजीप्रीत्यर्थ, १९८७' असं कोरलेला. रवा, तूप, साखर सगळं सव्वाच्या मापात आणि त्यात केळी. केळ्याशिवाय केला तर तो नुसता शिरा, प्रसाद नव्हे.

धक्क्यावर कॅप्टनने हात मिळवला, आमचे खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचे परवाने बघितले, लाइफ जॅकेटं कुठे आहेत ते दाखवलं आणि जाता जाता विचारलं, "केळी-बिळी नाहीत ना आणली?"

मी म्हटलं, "छे."

ज्यांनी कथा ऐकली आहे त्यांच्या पोटात इथेच गोळा यायला हवा. साधुवाण्यालाही दंडीस्वामींनी हेच विचारलं होतं, बाबा रे, नौकेत काय आहे? तोही म्हणाला होता, काही नाही हो, वेली नि पानं. आणि पाहतो तर खरंच वेली नि पानं. हा चौथा अध्याय मी आदल्याच संध्याकाळी हात जोडून, डोळे मिटून ऐकला होता. बहुतेक डोळे मिटले तिथेच चुकलं.

आठच्या सुमाराला मामांनी डबा उघडला. तूप, वेलची आणि तो तिसरा वास. पुढे ट्रोलिंग मोटर (बोट हळूहळू सरकवणारी छोटी मोटर) सांभाळत उभ्या असलेल्या कॅप्टनचं नाक आमच्याकडे वळलं.

"काय आहे ते?"

"गोड पदार्थ. गव्हाचा."

"आणि?"

"साखर. तूप."

"आणि?"

मामांचं इंग्रजी बेताचं. पण जिथे लागेल तिथे नेमकं. ते डबा पुढे करून म्हणाले, "बनाना! व्हेरी गुड!"

कॅप्टनने मोटर थांबवली. डोक्यावरची टोपी काढली. कुणी गेल्याची बातमी आल्यावर माणसं उभी राहतात तसा थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "तरीच!" दीड तासात एकही मासा का लागला नव्हता याचा उलगडा त्याला झाला होता. "ते पाण्यात टाका."

"ह्यो काय म्हणता?" मामांनी विचारलं.

"जरा बाजूला ठेवा म्हणतोय."

"बाजूक खंय?"

"...पाण्यात."

"परसाद? पाण्यात?" मामांनी डबा छातीशी धरला. "भाच्या, त्येका सांग, कलावतीन परसाद टाकल्यान तर घोवाची व्होडी बुडाली म्हणान!"

मी सांगितलं. जमेल तितकं मऊ करून. कॅप्टनने ते फार गांभीर्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा जरा उजळला. "म्हणजे तुमच्याकडेही केळ्याने बोट बुडते?"

"नाही. आमच्याकडे ते न खाल्ल्याने बुडते."

यावर बोटीत शांतता पसरली. दोन सनातन शास्त्रं समोरासमोर उभी होती, आणि खाली पाणी होतं दीड फूट. बोट बुडायचीच म्हटली असती तरी जेमतेम गुडघ्याएवढी बुडली असती.

शेवटी तोडगा मीच सुचवला, आत्ता सगळ्यांनी खाऊन संपवू या. कॅप्टनला पटेना. पोटात गेलं तरी केळं बोटीवरच की! मी विचारलं, सकाळी घरून खाऊन आलेलं चालतं का? ते चालतं. मग इथे खाल्लेलं पोटात जाऊन घरी खाल्लेल्यापेक्षा वेगळं कसं? तो म्हणाला, सालीचा प्रश्न आहे, साल बोटीवर येते. मी म्हटलं, शिऱ्यात साल नसते. त्याने डब्यात वाकून खात्री केली. खरंच नव्हती. मामा म्हणाले, "आधी तांडेलाक दी." त्याने एक चमचा घेतला. मग, कुणी बघत नाहीसं पाहून, दुसरा. मग एवढ्या मोठ्या भानगडीचं प्रायश्चित्त म्हणून माझं सनस्क्रीन तपासलं. ते निघालं बनाना बोट. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, इंजिनाच्या बाजूला ठेवायला लावलं. सनस्क्रीनच्या नावातच बोट आहे, हे माझं म्हणणं त्याने कानाआड केलं.

बोटीवर केळं अपशकुनी का, याची कारणं जो तो वेगळी सांगतो. केळ्यांची जहाजं माल पिकायच्या आत पोचवायला इतकी जोरात हाकत, की मागे गळ सोडला तर काही लागतच नसे. घडांतून कोळी निघत. जहाज फुटलं की पाण्यावर केळीच तेवढी तरंगत. असेल. पण याच गॅल्व्हेस्टन बंदरात केळ्यांनी भरलेली जहाजं वर्षानुवर्षं लागत आली आहेत, आणि ती धक्क्याला लागताना बुडून जातात असं काही कुणी पाहिलेलं नाही.

खरी गोष्ट काय होती ते आता सांगतो, म्हणजे माझा राग कशाचा आहे ते कळेल. गॅल्व्हेस्टनची भरती-ओहोटी जेमतेम दीड फुटाची. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, त्यापुढे ही म्हणजे ताटातलं पाणी हलल्यासारखी. त्यामुळे इथे चंद्रापेक्षा वारा मोठा. थंडीची लाट आली की उत्तरेचा वारा खाडीतलं पाणी ढकलून समुद्रात नेतो, आणि पातळी भाकितापेक्षा फूट-दीड फूट खाली जाते. पाणी उतरत असतं तेव्हा मासेमारी उत्तम होते, कारण गवतातले खेकडे, कोलंब्या, बारके मासे ओहळांतून बाहेर वाहत येतात आणि रेडफिश त्या तोंडाशी ताटकळत उभे असतात. पण हे त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आभाळ निळंभोर, हवेचा दाब चढलेला, चिखलाची मैदानं उघडी, कालवांचे खडक दात विचकून वर आलेले. मासा खोल चरांत जाऊन बसतो आणि नाकासमोर काही आलं तरी ढुंकून बघत नाही.

वारा शुक्रवारी रात्री सुटला होता, शनिवारभर वाहिला. आम्ही गेलो रविवारी. गुरुवारपासून भाकीत होतं. मी शुक्रवारी दुपारी फोन करून विचारलंसुद्धा. "फिशेबल आहे," उत्तर आलं. आता या शब्दाचा अर्थ मला कळतो. कॅप्टनने रद्द केलं तर आगाऊ दिलेले पैसे परत, तुम्ही केलं तर बुडाले. आणि वाऱ्याने बोटीला धोका आहे का एवढंच बघणं कॅप्टनच्या अटींत बसतं. मासा आहे का, हे नाही. म्हणून बोट ठरवताना फोटो बघण्यापेक्षा गॅल्व्हेस्टन बंदरातल्या पिअर २१ चा भरतीमापक बघावा. भाकीत आणि प्रत्यक्ष पातळी तिथे शेजारी शेजारी दिसतात. त्या दोन रेघांमध्ये हात जाईल एवढी फट असली तर दोन दिवस पुढची तारीख मागावी. पाणी दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर परत येतंच.

मामांना हे सगळं भरतीमापकाशिवाय कळलं होतं. उघड्या चिखलाकडे बघून ते सकाळीच म्हणाले होते, "वारो उत्तरेचो. पाणी भायर गेलां." केळ्याचा तमाशा झाल्यावर त्यात एवढीच भर घातली, "दर्याक इचारूचा सोडून केळ्याक कित्याक इचारता ह्यो?" हे मात्र मी भाषांतरित केलं नाही.

मामांची स्वतःची तक्रार वेगळीच होती. कोलंबीची. बोटाएवढी, फडफडणारी जिवंत कोलंबी कॅप्टनने टाकीतून काढली, डोक्यातल्या काळ्या ठिपक्याला चुकवून शिंगाखालून गरी ओवली आणि पाण्यात भिरकावली. मामांनी डोळे झाकले. "सुंगटा घालून ढोमो धरतंत?" त्यांचं चुकलेलं नव्हतं. रेडफिश आपल्या ढोम्याच्या, घोळीच्याच कुळातला. पोटातला भोत (हवेची पिशवी) घुमवणारं घराणं सगळं. रंग घासलेल्या तांब्याच्या भांड्याचा, शेपटीशी काळा ठिपका, आईने दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावी तसा. ऐंशीच्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोमने त्याला लोणी आणि मसाला चोपडून, लाल तापलेल्या बिडाच्या तव्यावर काळा करून वाढला, आणि देशभर इतका खपला की समुद्रातले मोठे मासे संपायला आले. टेक्सासने तर त्याची विक्री १९८१ मध्येच बंद केली होती. तेव्हा बाजारात जाऊन पकडलेला आणायचा आणि मामांना फसवायचं, ही वाटही बंद.

कॅप्टनचं सामान चोख होतं, ते नाकारत नाही. सात फुटी काठी, पंधरा पौंडी वेणीची दोरी, टोकाला वीस पौंडी फ्लुरोकार्बनचा दोरा दोनेक फूट, वर पॉपिंग कॉर्क. दर दहा-पंधरा सेकंदांनी काठीचं टोक हिसकायचं, की कॉर्क 'डबुक्' करतो आणि मणी खुळखुळतात. माशाला वाटतं शेजारी पंगत बसली आहे. गरी गोल, म्हणून मासा लागला की झटका द्यायचा नाही. नुसती रीळ फिरवायची, गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. झटका दिला की तोंडातून सुटून येते. मामा पन्नास वर्षं हाताने झटका देत आले आहेत. तीन वेळा सुटली. तिन्ही वेळा कॅप्टन माझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाला.

बाकी शिंगाळे लागले. सात. इथे त्यांना हार्डहेड म्हणतात आणि पक्कडीने सोडवून शिवी देऊन परत टाकतात. काटा लागला तर हात सुजतो, म्हणून सावधगिरी बरोबरच. पण मामांनी तोंडाला सुटलेलं पाणी गिळत प्रत्येक शिंगाळ्याला निरोप दिला. न्यायला कायद्याची ना नव्हती. ना होती ती कॅप्टनची. त्याच्या बर्फाच्या पेटीत आजवर शिंगाळा गेलेला नाही आणि जाणार नाही.

साडेदहाला एका चराच्या वळणावर माझा कॉर्क बुडाला तो वर आलाच नाही. मी शहाण्यासारखी नुसती रीळ फिरवली. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) किरकिरला, मासा बोटीखालून गेला, दोरी कालवांना घासू नये म्हणून मी काठी उंच धरून बोटीला प्रदक्षिणा घातली. पाच मिनिटांनी तांब्याचा लखलखाट जाळीत आला. मोजपट्टीवर ठेवला. तोंड मिटवायचं, शेपटीची टोकं एकत्र दाबायची, नाकापासून शेपटीपर्यंत बघायचं. टेक्सासात वीस ते अठ्ठावीस इंच. त्याखालचा सोडायचा, कारण त्याची वाढ व्हायची असते. वरचा सोडायचा, कारण तो समुद्रात जाऊन अंडी घालणारा. अपवाद एकच, परवान्याला एक टॅग असतो, तो लावून वरच्यांतला एक ठेवता येतो.

पावणेवीस.

मामा पुढे सरसावले. "थांब. शेपटी मी आवळतंय." आवळली. पुन्हा पावणेवीस. कॅप्टन पट्टीवर वाकला, मग मामांकडे पाहिलं, मग रिकाम्या डब्याकडे, आणि अंगठा नि तर्जनी यांच्यात पाव इंचाची फट धरून हळूच म्हणाला, "केळं."

हात ओले करून, पोटाखाली धरून मासा पाण्यात उभा केला. त्याने दोनदा कल्ले हलवले, शेपटीचा एक सपकारा माझ्या तोंडावर मारला आणि गेला.

धक्क्यावर मी वीस टक्के बक्षिसी दिली. एकशेवीस डॉलर. का दिली ते मला अजून कळलेलं नाही. मासे साफ करायच्या टेबलाशी वाट बघत बसलेल्या पेलिकनांनी आमचे रिकामे हात बघून मान फिरवली. घरी आल्यावर बायकोने पहिला प्रश्न विचारला तो माशाचा नव्हता. "डबा कुठाय?"

आता फोटो. काल दक्षिणेचा वारा सुटला, खाडीत पाणी भरलं, आणि कॅप्टन दोन्ही हातांत एकेक रेडफिश धरून हसतो आहे. चोवीस-पंचवीस इंचांचे सहज असतील. मी फोटो मोठा करून पाहिला. त्याच्या गुडघ्यामागे, मोटरच्या शेजारी, उघडा डबा. आत जिगहेड, गऱ्या, शिसाचे गोळे. झाकण बाजूला उलटं पडलेलं, पण ते आपलंच आहे हे बायकोने खांद्यावरून बघताक्षणी ओळखलं.

तुपाचा हात लागलेला डबा, न घासता, सबंध दिवस बोटीवर होता. हे त्याला लिहावं, की आधी डबा मागावा, याचा मी सकाळपासून विचार करतो आहे. बायको म्हणते आधी डबा. मामांनी निरोप दिला आहे, "त्येका इचार, परसाद परत होयो काय?"