‘आपसात बोलायला पगार कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी माझ्या नोकरीबद्दल लिहिलं होतं. लहान मुलांसाठी काम करणाऱ्या नाशिकच्या एका संस्थेत मी इंटर्नल कम्युनिकेशन बघते. म्हणजे संस्थेतल्याच माणसांपर्यंत संस्थेच्या गोष्टी पोचवायच्या आणि त्यांच्या गोष्टी वर न्यायच्या. त्यावर ‘गंगापूर रोडचा एक देणगीदार’ अशी सही करून एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी खरमरीत प्रतिक्रिया दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांसाठी दिलेल्या पैशातून कर्मचाऱ्यांना आपसात बोलता यावं म्हणून पगारी माणूस ठेवणं ही चैन आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुकट मिळतो, कायद्यानेही प्रशासनावर ५ टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही, तुमचं ते गुळगुळीत कागदाचं वार्तापत्र बंद करा, आणि ‘तुम्ही स्वतः वर्षात किती मुलांना भेटता?’ उत्तर कमेंटच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे लिहिते.

सर, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो टोचावा म्हणूनच विचारलाय. फार कमी मुलांना भेटते. आणि ते तसंच असावं असं माझं मत आहे. पाड्यावरच्या केंद्रात नाशिकहून गाडी आली की पोरांना ओळीने बसवतात, गाणं म्हणायला लावतात, सगळ्यात लहान मुलीच्या हातात गुलाब देऊन तिला पुढे ढकलतात. केंद्रातल्या ताईंचा, म्हणजे आमच्या कार्यकर्त्यांचा, अर्धा दिवस आमच्या चहापाण्यात जातो. त्यापेक्षा मी ऑफिसात बसून त्यांचे फोन उचललेले बरे.

आता ५ टक्के. तो नियम सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचा आहे, आणि तो कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला लागतो. तिने ज्या संस्थेला पैसे दिले तिच्या खर्चाला नाही. परदेशी देणगीवर मात्र खरीच मर्यादा आहे. २०२० च्या दुरुस्तीने एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली प्रशासकीय खर्चाची मुभा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तुम्ही चेकने देणगी देता आणि करसवलतीसाठी ८०जीची पावती घेता, तिला यातलं काहीच लागू होत नाही. पण कायद्यात बसतो म्हणून खर्च योग्य ठरला असं मीही म्हणणार नाही. तेव्हा कामाचंच बोलू.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत हो. भरपूर आहेत, तेच तर दुखणं आहे. सकाळी सुप्रभातचे गणपती, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, त्याखाली टाळ्यांची रांग, आणि या ढिगाऱ्यात कुठेतरी उद्याचं तपासणी शिबिर रद्द झाल्याचा निरोप. सुरगाण्याकडच्या काही पाड्यांवर रेंज येते ती टेकाडावर एका ठरावीक जागी. ताई संध्याकाळी तिथे जाऊन उभ्या राहतात तेव्हा दिवसभराचं सगळं एकदम येऊन कोसळतं. त्या शेवटचे चार-पाच मेसेज बघतात, बाकीचं तसंच राहतं. मीही तेच केलं असतं.

त्याहून मोठी अडचण फोटोंची. समजा, घरातून निघून आलेला एक मुलगा नाशिकरोड स्टेशनवर सापडला, बालकल्याण समितीपुढे हजर झाला आणि सुखरूप घरी पोचला. आनंदाचीच गोष्ट. कार्यकर्ता त्याच आनंदात ग्रुपवर फोटो टाकतो; खाली मुलाचं नाव, गाव, शाळा. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी फोटो फिरत फिरत गावात पोचतो आणि शाळेत पोराला जन्माचं टोपणनाव चिकटतं. फुकटच्या ग्रुपची ही किंमत तुमच्या ताळेबंदात दिसत नाही.

तुम्ही बँकेत होतात म्हणून विचारते. हेड ऑफिसचं सर्क्युलर शाखेत आलं की वाचल्याची सही सगळ्यांनी करायची. त्यातल्या किती जणांनी ते खरंच वाचलेलं असायचं?

आमचं बालसुरक्षा धोरणही असंच सह्यांनिशी फाइलला लागलेलं होतं. मूळ इंग्रजी, आणि त्याचं मराठी ‘उपरोक्त प्रकरणी विहित कालमर्यादेत’ या थाटाचं. हरसूलच्या एका ताईंना विचारलं, काय कळलं? म्हणाल्या, ‘सही कुठे करायची ते.’ मग त्यांच्याबरोबर बसूनच त्यातला सगळ्यात नाजूक भाग एका पानावर आणला. मूल काही सांगू लागलं तर हातातलं काम सोडा आणि ऐका. खोदून विचारू नका, तपास करणं आपलं काम नाही. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. त्याच दिवशी कळवा.

चौथ्या वाक्यावर खूप वाद झाला. ताईंचं म्हणणं, शब्द दिला नाही तर पोर पुढे बोलणारच नाही. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. पण दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी मोडावाच लागणार, आणि मग ते मूल पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसाकडे येणार नाही. शेवटी ताईंनीच पर्याय सुचवला: ‘तुला मदत करायला ज्यांना सांगावं लागेल, तेवढ्यांनाच सांगेन.’ हे वाक्य मुंबईच्या कुठल्या सल्लागाराला सुचलं नसतं. ते आता आमच्या पानावर आहे.

पाचव्या वाक्यावरचा वाद वरच्या मजल्यावर झाला. जुन्या धोरणात पायऱ्या होत्या: कार्यकर्तीने समन्वयकाला कळवायचं, समन्वयकाने व्यवस्थापकाला, आणि व्यवस्थापकाने ‘योग्य तो निर्णय’ घ्यायचा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं कलम १९ असल्या पायऱ्या मानत नाही. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. ‘परवानगी कोणाचीही लागत नाही’ हे साधं वाक्य त्या पानावर यायला बैठकांवर बैठका झाल्या. संस्थेचं नाव खराब होईल, ही भीती चांगल्या-चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकली. मला माझ्या पगाराचा हिशेब द्यायला सांगितला तर मी हे एक वाक्य पुढे करेन.

मुलांच्या हेल्पलाइनचंही असंच. १०९८ हा नंबर १९९६ पासून चालू आहे, ताईंना तो पाठ आहे. पण २०२३ पासून तो स्वयंसेवी संस्थांकडून सरकारी यंत्रणेकडे गेला. पलीकडे आता कोण बोलतं, ते काय विचारतं, फोननंतर आपण जिल्हा बाल संरक्षण कक्षात कोणाला गाठायचं, हे पुन्हा एकेका टीमला समजवावं लागलं. ते पत्रकाने झालं नाही. व्हॉइस नोट केल्या, त्याही दोन मिनिटांच्या आतल्या, कारण त्याहून लांब कोणी ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला हिशेबनीस म्हणून आवडेल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरगाणा, पेठ, हरसूल भागातली कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (घड विरळ करणं), मग जानेवारीपासून काढणी. पोरं बरोबरच येतात. आमची वरची, म्हणजे पाड्यांवरची टीम त्या पोराला ‘गळती’त टाकायची आणि खालची, दिंडोरी-निफाडकडची टीम त्याच पोराला ‘नव्याने जोडलेलं मूल’ म्हणून मोजायची. एकाच मुलाचं अहवालात एकीकडे अपयश आणि दुसरीकडे यश! दोन्ही टीमची आढावा बैठक एकाच हॉलमध्ये व्हायची, पण प्रेझेंटेशन चालू असताना वरच्या ताई तोंड उघडायच्या नाहीत. बोलायच्या त्या चहाच्या वेळी, जिन्यात. तिथेच हा घोळ कळला. आता सीझनमध्ये दर सोमवारी वरच्या आणि खालच्या ताईंचा फोन होतो. कोणतं कुटुंब निघालं, कोणाच्या बागेवर उतरलं, मुलाकडे शाळेचं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळतं ते) आहे का, की कार्ड घरीच राहिलं. यात माझा वाटा इतकाच की दोघींची गाठ घालून दिली, त्या फोनचा वेळ कामाच्या तासांत धरायला लावला आणि अहवालाच्या तक्त्यात ‘स्थलांतरित’ असा रकाना वाढवून घेतला. काम दिसायला किरकोळ आहे. फुकट मात्र झालं नसतं, कारण ते कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

मार्चबद्दल थोडं. बरेच प्रकल्प आर्थिक वर्षावर चालतात, त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की ‘आपला प्रकल्प बंद होणार’ ही बातमी ताईंना ड्रायव्हरकडून कळते. खरी असो वा खोटी, त्या दिवसापासून ताई दुसरं काम शोधू लागतात, आणि मुलाला वर्षभर ओळखणारं माणूस निघून जातं. म्हणून आता नूतनीकरण अडकलं असेल तर तसंच सांगतो, की अडकलंय. कटू बातमी ऑफिसातून गेलेली बरी. हे व्यवस्थापनाला पटवायला मला अजूनही दरवर्षी भांडावं लागतं.

राहिलं वार्तापत्र. तिथे तुमच्याशी वाद नाही. हारतुरे, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे फोटो. ते छापलं जातं विश्वस्तांच्या टेबलासाठी, आणि हरसूलला त्याचे गठ्ठे सुतळी न सोडताच पडून असतात. छापील अंक थांबवून तो पैसा ताईंच्या मोबाइल रिचार्जकडे वळवावा, असं टिपण मी केलंय. एप्रिलच्या बैठकीत ते विश्वस्तांपुढे येईल. देणगीदारांना वार्तापत्र आवडतं, असा त्यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. तुमची प्रतिक्रिया, सही आणि गंगापूर रोड वगळून, त्या टिपणाला जोडली तर चालेल का? एप्रिलच्या आधी हो-नाही कळवा.