सेव्ह करू द्या हो!

जुन्या धाटणीचा जपानी आरपीजी (एखादं पात्र होऊन, लढत-वाढत खेळायचा व्हिडिओ गेम), हातातला कन्सोल आणि मुंबईची लोकल. अंधेरीला गेममधल्या गुहेत शिरलो. खजिन्याची पेटी समोर, दोन पावलांवर! पण नाही. स्क्रीन लखलखणार, संगीत बदलणार, पुन्हा तीच तीन वटवाघळं! मारली. एक पाऊल. परत वटवाघळं! अरे, किती? वांद्रे गेलं, दादर आलं, मागून लोंढा ढकलतोय, आणि सेव्ह पॉइंट, म्हणजे खेळ साठवता येतो ती एकमेव जागा, कुठे? थेट बॉसच्या, त्या शेवटच्या बड्या शत्रूच्या, दाराशी!

१९८६ च्या ड्रॅगन क्वेस्ट या गेममध्ये राजाकडून पासवर्ड घेऊन कागदावर उतरवावा लागे. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या कॅसेटमध्ये, प्रगती साठवायची सोयच नव्हती. ते समजू शकतो. पण आज? आज कसली अडचण आहे? खेळ आहे तिथेच थांबवून ठेवणारा स्लीप मोड आहे म्हणतात. आणि बॅटरी गेली की? तासाभराची मेहनत, वाढवलेली लेव्हल, बोळ शोधून मिळवलेली तलवार, सगळं पाण्यात!

आळीपाळीने टर्न घेऊन, विचार करून लढणं मला जिवापाड आवडतं. म्हणून तर संताप होतो. बॉस कितीही अवघड ठेवा, दहा वेळा हरेन. पण हवं तिथे सेव्ह करू द्या, आणि ती वटवाघळं आवरा!