ती सजावट नव्हती

आज पणजीत एका सत्काराला जाऊन आले आणि डोकं अजून शांत होत नाही. आमच्या गावात चाळीस वर्षांपूर्वी चोरून निघणाऱ्या, मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून छापलेल्या सायक्लोस्टाइल अंकाचं कौतुक होतं. तिघांना संपादक म्हणून शाल, श्रीफळ. पडद्यावर मुखपृष्ठ दाखवलं. ते काढणाऱ्या माझ्या ताईचं नाव कुठे? आभारांत, शेवटून दुसरं: 'सजावट साहाय्य'.

सजावट? खाणवाल्यांवर, देवळाच्या महाजनांवर लिहिलेला मजकूर घ्यायचा की नाही, कुठे कापायचा, ते ताई ठरवायची. अंकावर पत्ता नसायचा. स्टेन्सिलं मात्र आमच्या घरी, तिच्या साड्यांखाली. रात्री बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर बसून लोखंडी कलमाने ती चित्रं कोरायची. रेघ हलकी पडली तर उमटत नाही, गोल दाबून फिरवला तर आतला तुकडाच निसटतो. मग लाल करेक्शन फ्लुइडचा ठिपका, फुंकर, पुन्हा कलम. वीज गेली की कंदील मी धरायचे.

कागदाची रिमं सायकलवरून त्या तिघा पोरांनीच आणली, पैसेही त्यांनीच जमवले. मान्य. पण म्हणून संपादक तेच?

तिकडे अमेरिकेत कॉमिक्स काढणाऱ्या चित्रकार ट्रिना रॉबिन्सचं तेच झालं. मोठ्या प्रकाशकांना टाळून आपली आपण छापणारे भूमिगत कॉमिक्सवाले स्वतःला बंडखोर म्हणवायचे, आणि त्यांच्या अंकांत हिला जागा नाही! तिने १९७० मध्ये बायकांना जमवून 'इट एन्ट मी, बेब' काढलं, नुसत्या बायकांनी केलेलं पहिलं कॉमिक बुक. १९७२ पासून 'विमेन्स कॉमिक्स', संपादकपद आळीपाळीने, ते वीस वर्षं चाललं. १९८६ मध्ये वंडर वुमनचं कॉमिक काढणारी पहिली बाई तीच. आणि मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की विस्मरणात गेलेल्या चित्रकार बायका शोधून तिने त्यांच्यावर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती गेली. आमच्याकडे असं कोण लिहिणार? ताईचं नाव आभारांतून वर कोण आणणार?

सभागृहात मी उठून बोलायला हवं होतं. नाही बोलले. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, त्याचाच राग जास्त आहे.

घरी येऊन ताईला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिने. मग विचारते, "मुखपृष्ठ मोठं करून दाखवलं? होडीच्या वल्ह्याजवळचा तुकडा निसटला होता बघ, तो दिसत होता?"

दिसत होता गं ताई.