हा मागे लावून ठेवायचा अल्बम नाही

स्वतःच्या खर्चाने काढलेला हा अकूस्टिक गिटारचा अल्बम ‘काम करताना मागे लावायला छान’ असं त्याच्यावरच्या लेखात म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. हेडफोन लावून ऐका. अंगठा जाड तारांवर ठेका धरून आहे, बाकीची बोटं वर सूर गुंफताहेत, आणि डावा हात सरकताना तारेवर होणारी किरकिर तशीच ठेवलीय. ती पुसली नाही हे फार बरं केलं! अमेरिकेत गिटारवादक जॉन फेही यांनी १९५९ मध्ये पहिली रेकॉर्ड अशीच स्वतः काढली होती, जेमतेम १०० प्रती. शेवटच्या ट्रॅकवर रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) मात्र जास्त झालाय. आणि कलाकाराला विनंती, प्रत्येक ट्रॅकखाली ट्यूनिंग (तारा कोणत्या सुरांत लावल्यात ते) लिहा, वाजवणाऱ्यांना खूप उपयोग होईल.