चौथीच्या लेकराला कसली बॅच अन् कसलं होस्टेल

आज लातूरला नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या त्या निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेचा एक निवासी क्लास बघून आले आणि डोकं असं फिरलंय की भाकरी तव्यावर ठेवून टाईप करायलेय, करपली तर करपू द्या.

आमची पोरगी चौथीला, औसा तालुक्यातल्या आमच्या गावातच, जिल्हा परिषदेच्या शाळेत. सर म्हणाले गणितात चांगली आहे, पाचवीत नवोदयला बसवा. एवढ्या एका वाक्यानं घरात सगळ्यांना ती एकदम टॅलेंट दिसायला लागली. परवापर्यंत तिला शेळीमागं पिटाळणाऱ्या सासूबाई आता मलाच म्हणायल्यात, लेकराला काम सांगू नको. मग हे म्हणाले क्लास तरी बघून येऊ, म्हणून गेलो.

भिंतभर सिलेक्शन झालेल्या लेकरांचे फोटो, एकाच्याही तोंडावर हसू नाही. क्लासचे सर मला म्हणतात, मॅडम तुम्ही उशीर केला, आमच्याकडं दुसरीपासून बॅच असते. दुसरीपासून!! दुसरीतलं लेकरू रात्री आईचा पदर हातात धरून झोपतं हो. लातूर पॅटर्न, म्हणजे क्लास लावून नुसता सराव घोटून घ्यायची पद्धत, अकरावी-बारावीला होता तोवर ठीक होतं, आता तो पार दुधाच्या दातांपर्यंत आलाय. आणि फी ऐकून तर हे गपगारच झाले. जी शाळा सहावी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट देते, तिथं जायला आधी एवढे पैसे मोजायचे?

पण माझं डोकं फिरलं ते आरशावरून. पोरगी घरी ते आरशातल्या प्रतिमेचे प्रश्न सोडवताना माझ्या टिकल्यांच्या डब्बीतला छोटा आरसा घेऊन बसते. अख्खी दुपार पुस्तकाच्या पानावर तो आरसा असा धर, तसा धर. आणि तिचं तिनंच शोधलं, की आरसा बाजूला उभा केला तर एबीसीडीतला ए तसाच राहतो अन् बी उलटा होतो, पण आरसा खाली धरला तर बी तसाच राहतो आणि ए उलटा पडतो. नाचत सांगायला आली होती चुलीपाशी. आज तिनं ते सरांना सांगितलं तर सर म्हणाले, "बेटा, आरसा बिरसा काही नाही, मी ट्रिक देतो ती पाठ कर." पोरगी गप बसली. ती अशी गप बसत नसते कधी.

आता सरांचं गणित बरोबर आहे, मान्य. ८० प्रश्न, २ तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. त्यातले ४० तर नुसते आकृत्यांचे. आरसा घेऊन बसली तर पेपर सुटायचा नाही. आणि परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, दुसरा चान्स नाही, जिल्ह्याला जागा फक्त ८०. हे सगळं मला कळतंय. पण म्हणून दोन वर्षं लेकराला ट्रिकाच पाठ करायला लावायच्या?

आणि खरा संताप तर पुढंच आहे. सर म्हणतात, नाव गावच्या शाळेतच राहू द्या, मुलगी इथं होस्टेलला ठेवा, हजेरीचं बघता येतं. का, तर ७५ टक्के जागा ग्रामीण लेकरांना आहेत, आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली लागते. अहो, १९८६ च्या धोरणात ही शाळा काढली कशासाठी? खेड्यातल्या, ऐपत नसलेल्या हुशार लेकरांसाठीच ना? मग ज्याच्या बापाला ही फी झेपत नाही ते लेकरू नुसतं कागदावर ग्रामीण असलेल्यांबरोबर कसं टिकायचं? आमच्या शेजारचा सालगड्याचा पोरगा पाढ्यात माझ्या पोरीच्या पुढं आहे, त्याला कोण बॅचला घालणार?

ह्यांच्यावर चिडले मी येताना एसटीत, पण तसं ह्यांचंही वाईट वाटतं. बारावीनंतर लातूरला खोली करून राहायला पैसे नव्हते म्हणून शिक्षण सोडलेलं माणूस, त्याला वाटणारच पोरीचं असं होऊ नये. आणि गावच्या शाळेत दोन वर्ग एकाच सरांकडं आहेत, हेही खोटं नाही.

नवोदयच्या विरोधात मी नाहीच. लागली तर पाठवीन, रडत पाठवीन पण पाठवीन. तेव्हा ती सहावीत असेल, डोकं स्वतःचं धुता येईल, वेणी येईल. आत्तापासून मात्र नाही. आरसा घेऊन बसू दे की अजून वर्षभर, दीड मिनिटाचं पाचवीत बघू. सालगड्याच्या पोरालाही संध्याकाळी बोलावणार आहे आमच्याकडं, दोघं मिळून सोडवतील. फॉर्मला पैसे लागत नाहीत, चुकलं तर मार्क कापत नाहीत, घाबरायचंय कशाला.

कुणाकडं मागच्या वर्षांचे मराठी माध्यमाचे पेपर असतील तर इनबॉक्सला टाका, झेरॉक्स काढून घेते. क्लासवाल्यांनी कमेंटमध्ये नंबर टाकू नयेत, डिलीट करीन.