‘चुकलेलं तिकीट म्हणजे लाखाचं तिकीट’? आधी भिंग काढा

गेला महिनाभर गोव्यातल्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘पोर्तुगीज काळातली टपाल तिकिटं लिस्बनला काटेकोर छापली जात, म्हणून छपाईत चूक असलेलं प्रत्येक तिकीट दुर्मीळ. उलटा छाप किंवा अर्धं तिकीट सापडलं तर लाखाच्या खाली देऊ नका. पाकिटावरून काढून, धुऊन जपून ठेवा.’ डिचोलीच्या माझ्या मावसभावानं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘दादा, आमच्या पेटाऱ्यात किती लाख पडलेत रे?’

लिस्बनची गोष्टच आधी घेऊ. १ ऑक्टोबर १८७१ रोजी निघालेली पोर्तुगीज इंडियाची पहिली तिकिटं गोव्यातच छापली गेली. मध्ये किमतीचा आकडा, भोवती लंबगोल पट्टा, त्यात ‘टपाल सेवा’ या अर्थाचे पोर्तुगीज शब्द आणि ‘इंडिया पोर्ट.’ राजाचं तोंडसुद्धा नाही. संग्राहक त्यांना ‘नेटिव्ह’ म्हणतात. त्यांचे ठसे पुन्हा पुन्हा नव्यानं करावे लागले आणि दर वेळी काहीतरी बदललं. एका ठशात आकड्यामागे ३३ उभ्या रेघा आहेत, तर दुसऱ्यात ४४. ‘रेइस’ हा त्या वेळच्या नाण्याचा शब्द कुठे पाय फुटलेल्या अक्षरांत आहे, तर कुठे सरळसोट. या काही चुका नव्हेत, हे ठशांचे प्रकार आहेत, आणि या छंदाची खरी गंमत त्यांतच आहे. रेघा मोजताना एक सुटली की पहिल्यापासून. (एका चवथीला मी गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून हाच उद्योग करत होतो, तेव्हा घरच्यांनी भिंगच लपवलं.)

राजमुकुटाची तिकिटं १८७७ मध्ये आली. ती मात्र लिस्बनच्या टांकसाळीतली, पण तिथलीही माणसंच. त्या काळी एकेका तिकिटाचा सुटा ठसा शेजारीशेजारी बसवून शीटची चौकट तयार करत. अशा एका चौकटीत, केप व्हर्डे या आफ्रिकेकडच्या पोर्तुगीज वसाहतीच्या ४० रेइसच्या ठशांमध्ये, मोझांबिक या दुसऱ्या वसाहतीचा एक ठसा जाऊन बसला आणि तसाच छापलाही गेला. याला चूक म्हणायचं. तीही शेजारच्या केप व्हर्डेच्या तिकिटाला जोडलेली असेल तरच सिद्ध होते, कारण मोझांबिकचं सुटं तिकीट शेवटी मोझांबिकचंच दिसणार.

आता ‘प्रत्येक चूक दुर्मीळ’. शाई फासली, कागद दुमडला, कडेचे दाते जरा सरकले, हे त्या एका कागदाचं नशीब. बघायला मजा येते, पण त्यापलीकडे फारसं काही नाही. संग्राहक ज्याच्या मागे असतात तो दोष वेगळा. ठशाला टवका उडाला, की दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक शीटवर त्याच जागी तोच व्रण उमटत राहतो. तो दुसऱ्या प्रतीवर सापडला की खात्री पटते. म्हणजे दोष खरा ठरतो तोच मुळी त्याच्या एकाहून जास्त प्रती असतात म्हणून, आणि मेसेजवाला एकुलतेपणाचे पैसे मागतोय!

उलट्या छापाचं प्रकरण मला जास्त झोंबतं, कारण तिथे मी स्वतः फसलोय. ब्रिटिश इंडियाशी झालेल्या करारानंतर पोर्तुगीज इंडियाचं चलन बदललं. १६ टांग्यांचा रुपया आणि १२ रेइसचा टांगा असा हिशेब आला. जुन्या तिकिटांच्या किमती निरुपयोगी झाल्या, म्हणून १८८१ पासून त्यांच्यावर नवे आकडे छापले गेले. घाईचं काम, त्यामुळे उलटे-वाकडे छाप खरोखर आहेत. पण साध्या तिकिटावर आकडा मारणं हे तिकीट बनवण्यापेक्षा कितीतरी सोपं, त्यामुळे बनावट छापही भरपूर. एका विक्रेत्यानं मला असाच एक ‘उलटा’ दिला. दोन वर्षं मिरवला. मग भिंगाखाली दिसलं, की किमतीचा छाप टपालाच्या शिक्क्याच्या वर बसलाय. अस्सल असता तर आधी आकडा आणि मग टपालाचा शिक्का, असाच क्रम हवा होता. कुणीतरी वापरून झालेल्या तिकिटावर मागाहून नशीब छापलं होतं. मुकुटाच्या तिकिटांची नंतर सरकारी पुनर्मुद्रणंही निघाली, गुळगुळीत पांढऱ्या, खडूसारख्या कागदावर, बिनगोंदाची. ‘नवंकोरं दिसतंय’ म्हणून हुरळू नये.

अर्ध्या तिकिटाचं उत्तर थोडक्यात देता येतं. १९११-१२ च्या सुमारास टपाल खात्यानंच जुन्या तिकिटांच्या मधोमध उभी छिद्रं पाडून दोन्ही अर्ध्यांवर नवी किंमत छापली. अर्धुक हाच तिथे पूर्ण माल. त्याला छपाईची चूक म्हणणं म्हणजे अर्ध्या भाकरीला तव्याचा दोष म्हणण्यासारखं झालं.

आणि ते धुणं! यावर माझा खरा राग आहे. पाण्यात काही रंग उतरतात, गोंद जातो, आणि पाकिटाबरोबर तारीख, गाव, मार्ग, सगळंच जातं. गोवा मुक्त झाल्यावर २९ डिसेंबर १९६१ पासून इथे भारतीय तिकिटं चालू झाली आणि जुनी ५ जानेवारी १९६२ पर्यंत स्वीकारली गेली. त्या आठवड्यातल्या काही पाकिटांवर दोन्ही तिकिटं शेजारीशेजारी आहेत. छपाई चोख, कसलीच चूक नाही, तरी मी त्यांच्यासाठी डिचोलीपर्यंत चालत जाईन.

भावाला तेवढंच कळवलं, की पेटाऱ्यात त्या दिवसांची पत्रं असतील तर हात लावू नकोस, मी रविवारी येतो. त्याचं उत्तर आलं, ‘पाकिटं काल जाळली. तिकिटं मात्र स्वच्छ धुतलीत हां.’